निळीचा पांढरा

पश्चिमेच्या खोलीतल्या भिंतीवर मी तीन चौकोन रंगवून ठेवले होते, दोन-दोन फुटांचे. आई काठी टेकत खोलीत आली, थोडा वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "ही ठिगळं कायला लावलास रे भितीला?"

नमुने आहेत, म्हटलं. तुझ्या खोलीला यातला कुठला देऊ ते सांग.

"मला काय करायचंय रंगाचं? झोपल्यावर डोळे मिटलेलेच असतेत."

खरं तर विषय इथंच संपायला हवा होता. पण मला एव्हाना नाद लागला होता. शेडकार्ड आणून पंधरा दिवस झाले होते. रात्री जेवणं झाली की मी ते पंख्यासारखं उलगडून बसायचो आणि बायको म्हणायची, "पोरीचं स्थळ बघताना तरी एवढं बघाल का?"

आईला लातूरला आणून चार महिने झाले. औसा तालुक्यातल्या गावी ती एकटीच राहायची. दोन्ही गुडघ्यांनी हात टेकले तेव्हा कुठं यायला तयार झाली. तिच्यासाठी ठरवलेली मागची खोली दहा बाय बाराची. नावाला खोली, तिथं आम्ही सामान टाकायचो, आणि त्याच्याही आधी पाणी. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, हे सगळ्या देशानं बघितलं. देशानं न बघितलेली गोष्ट म्हणजे आमच्या झोपायच्या खोल्या. दोनशे लिटरचे निळे ड्रम पलंगाशेजारी, कपाटापुढं, जागा मिळेल तिथं. त्या वर्षी कुणी मला लातूरच्या घरांचा रंग विचारला असता तर मी डोळे झाकून ड्रमचा निळा सांगितला असता. मागच्या खोलीत तसे तीन ड्रम होते. ते गेले, पण फरशीवर त्यांची गोल वर्तुळं राहिली आणि भिंतीला खालून गुडघाभर लोणा, म्हणजे ओलीचा खार, चढला.

रंगाचा हिशोब मी आधीच मांडला होता. भिंतींचा घेर चव्वेचाळीस फूट, उंची दहा, दारं-खिडक्या वजा जाता 380 चौरस फूट. पुट्टी केलेल्या भिंतीवर एका हाताला एक लिटर साधारण सव्वाशे-दीडशे फूट जातो. दोन हात मारायचे तर सहा लिटर. चार लिटरचा एक डबा आणि एकेकाचे दोन. हे सगळं मी वहीत लिहून पेंटर मामूंना दाखवलं. मामूंनी वही न बघताच भिंतीवर हात फिरवला, नखानं लोण्याचा पोपडा उचकटला आणि म्हणाले, "कलर का हिसाब बाद में, साहब. पैले दीवार का देखो."

पण तीन चौकोन तोवर माझ्या डोक्यात बसले होते. पहिला फिकट हिरवा, हल्ली सगळीकडं दिसतो तो, राखेत बुडवल्यासारखा. दुसरा बदामीच्या आसपासचा. तिसरा तांबूस मातकट, आणि खरं सांगायचं तर माझं मन त्याच्यावरच होतं. पलंगाच्या डोक्याकडची एकच भिंत त्या रंगाची, बाकी तीन फिकट. वर पिवळा मंद दिवा. मोबाईलवर अशा खोल्या मी इतक्या बघितल्या होत्या की आपल्या आईला गुडघेदुखी आहे आणि ती दहाला झोपून चारला उठते, हे त्या खोल्यांत कुठं बसतच नव्हतं.

शेडकार्डावर या रंगांची नावं इंग्रजीत, सोबत चार आकडी नंबर. आईनं तिन्ही चौकोनांचं बारसं एका दमात केलं. पहिला: "शेवाळी. टाकी धुवायला झाली की दिसतंय बग." दुसरा: "ज्वारीच्या पिठाचा. पीठ पण शिळं." तिसऱ्यापाशी ती थांबली, माझी आशा वाढली. "हा गेरू. हा तुळशीच्या वृंदावनाला देतेत. मला वृंदावनात निजवतूस का?"

आमच्या बायकांचं रंगाचं भांडार शेडकार्डापेक्षा मोठं आहे, असं मला नेहमी वाटत आलंय. आमसुली, डाळिंबी, अंजिरी, गुलबक्षी, मोरपंखी, चिंतामणी, अबोली, मोतिया, विटकरी, चटणी. यातला एकही रंग हवेतला नाही. प्रत्येकाला चव आहे, वास आहे, नाहीतर ऋतू आहे. कुसुंबी म्हटलं की मला रानातली करडई दिसते, आधी पिवळी, मग केशरी आणि वाळता वाळता लाल होणारी. एकेकाळी तिच्या फुलांपासूनच तो रंग काढायचे. परभणीच्या कृषी विद्यापीठानं करडईचं वाण काढलं, त्याचं नावही 'परभणी कुसुम' ठेवलं. करडई काढताना हाताला जे काटे टोचतात ते आठवून मी तो रंग भिंतीला दिला नसता, ही गोष्ट वेगळी.

चौकोन मी आठवडाभर बघितले. पश्चिमेची खोली म्हणजे दुपारपर्यंत रंग झोपलेले असतात. सकाळी तिन्ही रंग एकमेकांचे भाऊ वाटायचे. चारनंतर उन्हं खिडकीतून आडवी आत आली की गेरू पेटायचा, त्यावेळी तो इतका देखणा दिसायचा की मी चहाचा कप घेऊन समोर बसायचो. रात्री पांढरी ट्यूब लावली, 6500 केल्विनची, की तोच रंग कलेजीसारखा. दिवा बदलून 3000 चा पिवळसर लावला तर गेरू सावरायचा पण शेवाळी मळकट व्हायचा. दुकानातल्या दिव्याखाली रंग निवडून घरी आणणारा माणूस मग दुकानदाराला शिव्या घालतो, त्यात दुकानदाराचा दोष नसतो. शिवाय बोटाएवढ्या तुकड्यावर सौम्य वाटणारा रंग भिंतभर झाला की अंगावर येतो. आणि ओल्या इमल्शनवर तर विश्वासच ठेवू नये. वाळल्यावर ते थोडं गडद होतं.

गावाकडच्या भिंतीचं याच्या बरोबर उलटं असायचं.

आमच्या गावच्या घरात बेडरूम नव्हती. ढाळज होती, ओसरी होती, माजघर होतं, आणि उन्हाळ्यात सगळं घर माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर. झोपायची जागा ऋतू ठरवायचा आणि बाज तिकडं जायची. भिंतीला रंग म्हणजे पांढरी माती नाहीतर चुना, आणि तो घट बसायच्या आधी वर्षातून एकदा. मला आठवतं, आजी अंगणात मोठ्या रांजणात कळीचा चुना विझवायची. दगडासारखी ढेकळं पाण्यात पडली की आधी काहीच व्हायचं नाही. मग फस्स करून एक ढेकूळ फुटायचं, मग दुसरं, आणि बघता बघता रांजण खाली जाळ नसताना उकळायला लागायचा. आम्हा पोरांना दहा हात लांब उभं केलेलं असायचं. दुसऱ्या दिवशी तो निवलेला चुना जुन्या धोतरातून गाळायचा, त्यात थोडा डिंक, मूठभर मीठ, आणि शेवटी निळीची पुडी. निळीचा अंदाज आईकडं. सगळी पुडी ती कधीच टाकायची नाही. चिमूट टाकायची, ढवळायची, तळहातावर थेंब घेऊन वाळेपर्यंत बघत राहायची.

अंबाडीच्या कुंच्यानं चुना भिंतीवर फिरला की पहिल्यांदा भिंत फक्त ओली दिसायची. खालची माती, मागच्या वर्षीचे डाग, सगळं तसंच. नवख्या माणसाला वाटावं, काही लागलंच नाही. मग जेवून आलो की भिंत उजाडलेली असायची. वाळता वाळता तो हवेतला कार्बन डायऑक्साईड घेऊन परत चुनखडी होतो, हे मला शाळेत नंतर कळलं. तेव्हा एवढंच माहीत होतं की आठ दिवस भिंतीला टेकायचं नाही, नाहीतर सगळ्या गावाला पाठीवरून कळतं.

तर मामूंनी बघायला सांगितलेली भिंत. लोणा खरवडला, खालचं प्लास्टर काढून नवं केलं, ते वाळायला महिना दिला. पण खरी भानगड खिडकीच्या कोपऱ्यात होती. तिथून एक भेग तिरपी खाली उतरत पलंगाच्या जागेपर्यंत आली होती. आमची कॉलनी काळ्या रानात बसलेली. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आखडते, वर उभं घरही तिच्याबरोबर श्वास घेतं. ओळखीच्या एका इंजिनिअरनं येऊन बघितलं आणि साधा उपाय सांगितला. भेगेच्या टोकाशी पेन्सिलीनं आडवी खूण करा, शेजारी तारीख टाका. खुणेच्या पुढं गेली तर मला बोलवा.

खूण मी केली. पुढं ती बघायचं काम आईनं आपणहून अंगावर घेतलं. रोज सकाळी देवाला हात जोडून झाले की तिची फेरी भेगेकडं. पावसाळा लागला तशी भेग मिटल्यासारखी झाली, खुणेच्या पुढं मात्र केसभरही सरकली नाही. इंजिनिअर म्हणाला, मातीचं आहे, घराला धोका नाही, भरून घ्या. मामूंनी ती छिन्नीनं रुंद करून भरली, वरून जाळीची पट्टी मारली, पुट्टीचे दोन हात दिले. पॉलिश पेपर घासल्यावर भेग कुठं होती ते मलाही सांगता आलं नसतं.

आता रंग. मी पुन्हा आईला नेऊन उभं केलं.

"पांढरा दे," ती म्हणाली.

पांढरा लगेच मळतो. हात लागतात, डोक्याच्या तेलाचा डाग पडतो. दवाखान्यासारखं वाटतं. मी सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, अगं, ही भिंत तरी गेरूची करू, पुढंमागं बारीक तडा गेला तर दिसणारसुद्धा नाही.

"तेच की," आई म्हणाली. "पांढऱ्यावर भेग दिसती."

मी शेडकार्ड मिटलं.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बुडवून गाव उशिरा झोपलं होतं. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जे झालं त्याची नोंद पुस्तकांत किल्लारीचा भूकंप अशी आहे. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली हजारो माणसं झोपेतच गेली. 52 गावं पुढं नव्या जागी वसवली. आमचं गाव त्या बावन्नात नव्हतं. आमच्याकडं निम्मी घरं पडली, निम्मी उभी राहिली, आणि उभ्या राहिलेल्या घरांत कुणी झोपायला तयार नव्हतं.

मी अकरा वर्षांचा होतो. माजघरात आई, मी आणि धाकटी बहीण. घर दगड-मातीचं, भिंती दोन-अडीच फूट रुंद. अशी भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती असतात, आतली एक, बाहेरची एक, मध्ये बारीक दगड आणि माती. दोघींना धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक घरांत नसायचाच. वर माळवदाचं ओझं. गळू नये म्हणून दरवर्षी त्यावर नवी पांढरी माती पडायची, जुनी कुणी काढायचं नाही. तरी आमचे लाकडी खांब आणि तुळया उभ्या राहिल्या, आणि माजघराची भिंत बाहेरच्या अंगाला, गल्लीत पडली. आत पडली असती तर हे लिहायला मी नसतो.

उजाडल्यावर जे दिसलं त्यातलं बरंच मी लिहिणार नाही. एक मात्र भिंतींबद्दलच बोलतोय म्हणून सांगतो. आमची भिंत गल्लीत उताणी पडली होती. आतली बाजू आभाळाकडं. तिच्यावरचा चुना, आईनं पुढच्या पंधरवड्यात ज्यावर नवा हात दिला असता तो, भर उन्हात उघडा पडला होता. कोनाड्याची चौकट तशीच, त्यात काजळीचा ओघळ तसाच. माजघरात सवण्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून, येईल तेवढाच उजेड. त्या उजेडात ती भिंत मला जन्मभर पांढरी दिसली होती. त्या दिवशी कळलं की ती निळी होती. फिकट, आभाळासारखी. गल्लीतनं येणारं-जाणारं प्रत्येक माणूस आमच्या झोपायच्या जागेचा रंग बघून जात होतं, आणि आई त्या दगडांवर जाजम टाकायला धावली होती.

भूकंपाच्या आधीच्या वर्षभर किल्लारी भागात लहान धक्के बसत होते. आमच्याकडंही भांडी वाजायची. आई सांगते, भिंतीला बारीक रेघ आली होती, तिला दिसली होती, पण घटाच्या आधी चुना द्यायचाच आहे, तेव्हा बुजेल म्हणून ती गप्प बसली. इंजिनिअर मंडळी सांगतील की तशा भिंतीला रेघ आली काय, न आली काय, सारखंच. मीही तिला ते सांगितलं. ती "बरं" म्हणाली.

त्यानंतर तीस-बत्तीस वर्षं ती पत्र्याखाली झोपली. आधी सरकारी शेडमध्ये, मग आमच्याच अंगणात टाकलेल्या पत्र्याच्या खोलीत. उन्हाळ्यात तव्यावर झोपल्यासारखं, तरी म्हणायची, पत्रा पडला तर उचलता येतो.

एवढं कळल्यावर खोलीची बाकीची मांडणी आपोआप ठरत गेली. पलंग भिंतीला चिकटवायचा नाही, हातभर सोडून. पाय दाराकडं. लोखंडी कपाट पलंगाच्या बाजूला नको, पडलं तर अंगावर येईल. बायकोनं उन्हासाठी जाड पडदे शिवायला टाकले होते, ते आता आमच्या खोलीत. मी मात्र एका गोष्टीवर अडलो होतो. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचं मोठं चित्र, काचेच्या चौकटीतलं, पलंगाच्या डोक्याशी लावायला आणलं होतं.

"डोक्यावर काच नगं," आई म्हणाली. मग चष्मा लावून जवळ गेली. "आणि ह्याच्या भितीचे पण पोपडे निघालेत की रे. चांगला राजबिंडा हाय."

दीड हजार वर्षं झाली त्या भिंतीला, म्हटलं. माती-भुशाच्या गिलाव्यावर काढलंय. गेरू, पिवळी माती, काजळी, चुना. निळा तेवढा लांबचा, लाजवर्द दगड, अफगाणिस्तानातून आलेला. आणि हे सांगतानाच मला आठवलं की धुण्याच्या पुडीतली नीळ म्हणजे त्याच लाजवर्दाचं कारखान्यात बनलेलं भावंड. एकोणिसाव्या शतकात युरोपात ते करायला शिकले आणि सोन्याच्या मोलाचा रंग पुडीत आला. आईला हे सांगितलं. तिला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. "मग? निळीबिगर पांढरं कुठं पांढरं दिसतंय?" चित्र पायथ्याच्या भिंतीला लावलं, कमरेएवढ्या उंचीवर. काच काढून.

दुकानात गेलो आणि पांढरा मागितला, पण त्यात थोडी नीळ. काउंटरवरच्या पोरानं कार्डातले आठ पांढरे दाखवले. सगळे पिवळटाकडं झुकलेले. हल्ली तसेच खपतात म्हणे. शेवटी त्याला म्हटलं, साधा पांढरा बेस घे आणि मशीनमधून निळ्याचा अगदी बारीक थेंब सोड. त्यानं सोडला, डबा हलवला, बोटाएवढा ठिपका झाकणावर लावला. मी तो तळहातावर घेऊन फुंकर घालत बसलो. अजून एक थेंब. पुन्हा फुंकर. तिसऱ्यांदा जमला. पुढच्या वेळी हाच लागला तर नाव काय लिहू, असं त्यानं विचारलं आणि मार्करनं झाकणावर लिहिलं: निळीचा पांढरा.

पाऊस लागून होता, पुट्टी वाळायला वेळ घेत होती, मामू आभाळाकडं बघून बघून वैतागले होते. तरी घट बसायच्या दोन दिवस आधी दुसरा हात झाला. आतल्या रंगानं खोली काही थंड होत नाही, हेही सांगून टाकतो. तापते ती बाहेरची भिंत आणि गच्ची. तिथला पांढरा चुना मी मार्चमध्ये मारणार आहे.

खोलीत सगळ्यात रंगीत वस्तू आता आईची वाकळ. तिची तिनंच शिवलेली, जुन्या लुगड्यांची. मधला चिंतामणी तुकडा आजीचा, कडेचा डाळिंबी बहिणीच्या परकराचा, एक विटका मोरपंखी तिच्या लग्नातल्या शालूचा, त्याची जर कधीच उडून गेलीय. मी पंधरा दिवस शेडकार्डात शोधत होतो ते सगळे रंग तिच्या पायाशी घडी घालून ठेवलेले होते.

पहिल्या रात्री मी चारच्या सुमाराला उठून दाराशी गेलो. ती जागी होती, बसलेली. झिरोचा दिवा चालू. "झोप," म्हणाली, "मी हाय."

दसऱ्यानंतर एकदा चादर बदलताना पलंग ओढला. त्या मोकळ्या सोडलेल्या हातभर जागेत, नव्या कोऱ्या भिंतीवर, जुनी भेग जिथं संपत होती बरोबर तिथं, एक बारीक आडवी रेघ. शेजारी तारीख, चौथीपर्यंत शिकलेल्या अक्षरात. भेग नव्हतीच. पेन्सिल उशीखाली होती.